व्हॅलमायर : गाव कड्यावर गेलं, गावठाण खाली राहिलं

१९९३ च्या महापुरानंतर अमेरिकेतल्या एका लहान गावाने अख्खं गाव उचलून दुसरीकडे नेलं. ते का, कसं आणि काय गमावून, याची ही नोंद आहे. गावाचं नाव लपवण्यात अर्थ नाही, कारण भूगोल सांगितला की जाणकार ते ओळखणारच. माणसांची नावं मात्र गाळली आहेत.

पार्श्वभूमी

सेंट लुइस शहर मिसिसिपी नदीच्या पश्चिम तीरावर आहे. समोरच्या तीरावर, इलिनॉय राज्यात, नदीला लागून एक सखल पट्टी जाते, उत्तरेला ऑल्टनपासून दक्षिणेला चेस्टरपर्यंत. तिच्या पश्चिमेला नदी आणि पूर्वेला चुनखडीचे उभे कडे. मधली सपाट काळी जमीन नदीनेच आणून टाकलेली आहे. या पट्टीचं नाव अमेरिकन बॉटम. मक्याला आणि सोयाबीनला यापेक्षा चांगली जमीन शोधून सापडायची नाही, आणि घर बांधायला यापेक्षा वाईटही.

हे तिथल्या लोकांना नव्याने कळलं असं नाही. पट्टीच्या उत्तर टोकाला कहोकियाचे मातीचे प्रचंड उंचवटे आहेत. कोलंबसाच्या कित्येक पिढ्या आधी तिथे मोठं नगर नांदत होतं. मग फ्रेंच आले. १७०३ मध्ये कास्कास्किया वसलं, १७२२ च्या सुमारास कड्याच्या पायथ्याशी प्रेअरी दु रोशे. प्रेअरी दु रोशेच्या पश्चिमेला नदीकाठी त्यांनी फोर्ट द शार्त्र हा किल्ला उभारला. आधी तो लाकडी होता, १७५० च्या दशकात दगडी झाला. सत्ता ब्रिटिशांकडे गेल्यावर थोड्याच वर्षांत, १७७२ च्या सुमारास, नदीने किल्ल्याची एक भिंत खाल्ली आणि ब्रिटिशांनी तो सोडला. कास्कास्कियाची कथा याहून विलक्षण आहे. १८१८ मध्ये इलिनॉय राज्य झालं तेव्हा पहिली राजधानी हेच गाव होतं. १८८१ मध्ये नदीने पात्र बदललं आणि जुनं गाव बहुतेक सगळं पोटात घेतलं. उरलेलं कास्कास्किया आज नदीच्या पश्चिमेला आहे. कागदोपत्री ते इलिनॉयचं, पण रस्त्याने जायचं तर मिसूरीतून जावं लागतं.

व्हॅलमायर या मानाने कालचं पोर. एकोणिसाव्या शतकात या भागात जर्मन शेतकरी मोठ्या संख्येने आले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कड्याच्या पायथ्याने रेल्वे गेली, तिच्या आधाराने वस्ती जमली आणि १९०९ मध्ये मन्रो काउंटीतलं हे रीतसर ‘व्हिलेज’ झालं. ‘व्हॅली’मधला व्हॅल आणि मायर हे इथलं घरोघरी सापडणारं आडनाव मिळून नाव तयार झालं, असं सांगतात. इलिनॉयमध्ये ‘व्हिलेज’ म्हणजे नुसतं खेडं नव्हे, तो कायद्याने ठरलेला दर्जा आहे. निवडून आलेला अध्यक्ष आणि सहा विश्वस्त कारभार बघतात. अध्यक्षाला लोक सरळ ‘मेयर’ म्हणतात. आपला सरपंच म्हटलं तरी चालेल, कारण इतक्या लहान गावात तो स्वतःची नोकरी सांभाळूनच हे पद भूषवतो.

गावामागच्या कड्यात चुनखडीची खाण होती, आणि तीही पोखरून आत गेलेली, दगडाचे जाड खांब ठेवून मधला माल काढलेली. हा दगड भूगर्भशास्त्रज्ञांना इतका नमुनेदार वाटला की इलिनॉयमधल्या ‘मिसिसिपियन’ या भूगर्भीय कालखंडातल्या खडकांच्या एका मालिकेला त्यांनी ‘व्हॅलमायरन’ असं नाव दिलं. नऊशे वस्तीच्या गावाला एवढा मान पुष्कळ झाला. पुढे याच खाणीचा या प्रकरणात पुन्हा संबंध येतो.

नदी गावापासून काही मैल दूर. तरी १९४३, १९४४ आणि १९४७ असा तीनदा पूर आला. त्यानंतर लष्कराच्या अभियंता दलाने नदीकाठचे बांध उंच आणि मजबूत केले. १९७३ मध्ये नदी सेंट लुइसला ४३ फुटांवर गेली, तिथली पूरपातळी ३० फूट आहे, पण गाव कोरडं राहिलं. सत्तेचाळीसनंतर सेहेचाळीस वर्षं घरात पाणी नाही. एवढ्या काळात एक पिढी जन्माला येते, घरं बांधते, दुरुस्त्या करते आणि बांधाला डोंगर समजू लागते.

प्रश्न

१९९३ चा उन्हाळा. वरच्या राज्यांमध्ये आठवडेच्या आठवडे पाऊस लागला होता. १ ऑगस्टला सेंट लुइसला नदी ४९.५८ फुटांवर पोचली. हा आकडा आजवर मोडलेला नाही.

व्हॅलमायर आपल्या समोरचा बांध फुटल्यामुळे बुडालं नाही. फुटला तो वरच्या अंगाचा, कोलंबिया गावाजवळचा, दुसऱ्याच बांध-मंडळाचा, म्हणजे बांध सांभाळणाऱ्या दुसऱ्या स्थानिक संस्थेचा. ते पाणी सखल पट्टीत शिरलं, दक्षिणेला सरकत गेलं, फाउंटन क्रीक या ओढ्याच्या आडव्या बांधावरून उतरलं आणि मागच्या दाराने व्हॅलमायरमध्ये आलं. गावकऱ्यांनी वाळूच्या पोत्यांनी जपलेला नदीकाठचा बांध आता उलटं काम करू लागला. आत आलेलं पाणी त्याने बाहेर जाऊ दिलं नाही. पट्टी भरत गेली आणि पाणी खालच्या प्रेअरी दु रोशेकडे निघालं. ते जुनं फ्रेंच गाव वाचवण्यासाठी शेवटी खालच्या टोकाला नदीकाठचा बांध मुद्दाम तोडून पाणी नदीत परत सोडावं लागलं. दोन बांधांमधली जागा म्हणजे भांडं, आणि भांड्यात राहणाऱ्याने चारही कडा तपासायच्या असतात. व्हॅलमायरने पश्चिमेची कड तपासली होती.

लोक वेळेत बाहेर पडले होते, त्यामुळे गावात जीवितहानी झाली नाही. घरांचं मात्र काही उरलं नाही. पाणी काही ठिकाणी वळचणीपर्यंत चढलं आणि उतरायला आठवडे लागले. लोकांनी चिखल उपसायला घेतला, तर सप्टेंबरमध्ये फुटक्या बांधातून पाणी दुसऱ्यांदा आलं. भिंतींचं प्लास्टरबोर्ड लगद्यासारखं सुटलेलं, जमिनीची लाकडं फुगून कमानीसारखी वर आलेली आणि सगळ्यावर राखाडी गाळाचा थर. ज्यांनी एकदा घासून काढलं होतं त्यांनाच पुन्हा घासायला लागणार होतं. माझ्या मते गाव हलवायचं ठरलं त्यात पहिल्या पुरापेक्षा या दुसऱ्या पुराचा वाटा मोठा आहे.

त्यात कायद्याचा पेच. केंद्र सरकारच्या पूरविमा योजनेत नियम असा की घराचं नुकसान त्याच्या बाजारभावाच्या निम्म्याहून जास्त झालं, तर ते होतं तसं दुरुस्त करता येत नाही. ते पूरपातळीच्या वर उचलायचं, नाहीतर सोडायचं. व्हॅलमायरमधल्या दहापैकी नऊ इमारती या रेषेपलीकडे गेल्या. म्हणजे ‘पुन्हा बांधू’ म्हणायचं, तर अख्खं गाव खांबांवर चढवायचं.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय तोच, घरं उचलून तिथेच राहणं. जमीन आपली, रस्ते-गटारं आहेत, शेत जवळ. पण पंचाहत्तरीच्या माणसाने रोज दहा-बारा फुटांचा जिना कसा चढायचा? आणि बांध पुन्हा फुटला तर घर कोरडं राहील, पण दुकान, शाळा आणि रस्ता पाण्यातच.

दुसरा पर्याय, ज्याने त्याने आपापली वाट धरणं. फेमा म्हणजे केंद्राची आपत्ती यंत्रणा राज्य आणि गावामार्फत बुडालेली घरं विकत घेण्याचा कार्यक्रम चालवते. पैसे घ्यायचे आणि वॉटरलू, कोलंबिया किंवा सेंट लुइसला जायचं. एकेका कुटुंबापुरता हाच सर्वांत शहाणा मार्ग होता. प्रत्येकाने शहाणपणा केला असता तर गाव मात्र संपलं असतं, आणि शाळा त्याच्याही आधी.

तिसरा, गावानेच उठून वर जाणं. हे अगदीच नवं नव्हतं. याच राज्यात ओहायो नदीकाठचं शॉनीटाउन १९३७ च्या पुरानंतर आत सरकलं होतं. विस्कॉन्सिनमधल्या सोल्जर्स ग्रोव्हने १९७० च्या दशकाच्या शेवटी आपली बाजारपेठ किकापू नदीकाठावरून उचलून वर नेली होती आणि नव्या इमारतींना सूर्याच्या उष्णतेवर चालणारी व्यवस्था सक्तीची केली होती. शॉनीटाउनचा धडा मात्र थोडा कडू होता. सगळे हलले नाहीत आणि जुनं शॉनीटाउन स्वतंत्र गाव म्हणून नदीकाठी तसंच राहिलं.

इथे खरी अडचण होती ती घड्याळाची. गाव हलवायचं म्हणजे जागा, आराखडा, पाणी, सांडपाणी, रस्ते, मंजुऱ्या, आणि मग घरं. याला वर्षं लागतात. पूरग्रस्त कुटुंब वर्षं थांबत नाही. ते सहा महिन्यांत कुठेतरी भाड्याने जातं, मुलं तिथल्या शाळेत रुळतात आणि परत येत नाहीत.

काय केलं

गावसभा झाली, लोकांचा कल विचारला गेला आणि बहुसंख्यांनी वर जायला होकार दिला. इथे पहिला कळीचा निर्णय येतो. पैसा हातात नसताना, मंजुरी नसताना, पंचायतीने जागा ठरवून टाकली. गावापासून साधारण दोन मैलांवर, कड्याच्या माथ्यावर, तीनशे-चारशे फूट उंच, सुमारे ५०० एकर शेतजमीन. ‘आधी निधी, मग जागा’ हा सरकारी क्रम त्यांनी उलटा केला. हे धाडस होतं, आणि निधी अडकला असता तर यालाच बेजबाबदारपणा म्हटलं गेलं असतं. पण लोकांना बोट दाखवून ‘तिथे’ असं सांगता येणं ही त्या क्षणी पैशापेक्षा मोठी गोष्ट होती. निकाल माहीत असताना हे म्हणणं सोपं आहे, हेही कबूल करतो.

दुसरा निर्णय म्हणजे कामं वाटून देणं. प्रादेशिक नियोजन आयोगाची मदत घेऊन गावकऱ्यांच्याच समित्या नेमल्या. पुरात घर गेलेली माणसं संध्याकाळी जमून गटाराच्या उतारावर वाद घालू लागली. ज्याने रस्त्याच्या रुंदीवर दोन तास भांडण केलं, तो तो रस्ता होईपर्यंत सहसा सोडून जात नाही. समित्यांचा उपयोग आराखड्याला किती झाला कोण जाणे, माणसं धरून ठेवायला नक्की झाला.

दरम्यान बरीच कुटुंबं फेमाच्या तात्पुरत्या ट्रेलर-घरांत राहत होती. त्या वस्तीला लोकांनीच नाव पाडलं होतं : फेमाव्हिल.

डिसेंबर १९९३ मध्ये, पूर येऊन पाच महिनेही झाले नव्हते, तेव्हा नव्या जागेवर कुदळ मारली गेली. त्याच महिन्यात वॉशिंग्टनमध्ये एक कायदा झाला, ज्याने अशा घरखरेदीतला केंद्राचा वाटा निम्म्यावरून ७५ टक्क्यांवर नेला. व्हॅलमायरचं नशीब इथे जोरावर होतं. रस्ते-पाण्यासारख्या पायाभूत कामांसाठी केंद्राच्या आर्थिक विकास विभागाचा आणि राज्याचा पैसा आला. पण प्रत्येक खात्याची थैली वेगळी आणि तिची दोरीही वेगळी. एकाचा पैसा फक्त पाइपांना, दुसऱ्याचा फक्त जुनी घरं घ्यायला. घरखरेदीची अट तर कायमची : घेतलेल्या जागेवर पुन्हा इमारत नाही, ती मोकळीच राहणार.

वरच्या जागेलाही तिच्या खोड्या होत्या. मन्रो काउंटीचा हा माथा चुनखडीचा. पावसाचं पाणी दगड विरघळवतं आणि शेतात मधूनच बशीसारखे खड्डे पडतात. त्यांतून सांडपाणी सरळ भूजलात उतरतं. म्हणजे घरोघरी शोषखड्डे करून भागणार नव्हतं, बंद गटारं आणि शुद्धीकरण हवंच. जमिनीखालच्या दगडावरचे हक्क ही वेगळी गुंतागुंत. त्यात केंद्राचा पैसा आला की पुरातत्त्व पाहणी बंधनकारक, आणि पाहणीत मूलनिवासींच्या जुन्या वस्त्यांचे अवशेष निघाले. उत्खनन होईपर्यंत थांबणं आलं. मला यात एक गंमत दिसते. पुराला भिऊन गाव माथ्यावर गेलं, तर तिथे आधीच कुणीतरी राहून गेलेलं.

पहिली कुटुंबं १९९५ मध्ये वर राहायला आली. पुरापासून जेमतेम दोन वर्षं. आपत्तीनंतरच्या पुनर्वसनात हा वेग दुर्मिळ आहे.

काय झालं

१९९० मध्ये गावाची वस्ती सुमारे ९०० होती. २००० च्या जनगणनेत ६०८. त्याच वर्षी कुणी हे प्रकरण लिहिलं असतं तर त्याला अपयश म्हटलं असतं. २०१० मध्ये आकडा १,२६३ झाला, म्हणजे जुन्या गावापेक्षा जास्त. आता तो बाराशेच्या आसपास आहे. पण ६०८ पासून १,२६३ पर्यंत जे वाढले ते सगळे परतलेले गावकरी नव्हेत. सेंट लुइसच्या कामाच्या पट्ट्यात नवं घर आणि गावातच शाळा हवी असणारी तरुण कुटुंबं आली. गाव टिकलं, पण थोडं वेगळ्या माणसांचं होऊन.

उपग्रहाच्या नकाशावर दोन्ही गावं एकाच वेळी दिसतात. खाली रेल्वेरुळाला लागून जुन्या रस्त्यांची काटकोनी चौकट. रस्ते आहेत, चौक आहेत, पण बहुतेक चौकोनांत हिरवं गवत किंवा पीक. अधूनमधून एखादं घर, कारण सगळे वर गेले नाहीत. बेसबॉलचं मैदानही खालीच राहिलं, मैदानाला नियमाची आडकाठी नाही. वर पाहिलं तर वळणदार रुंद रस्ते, मोठमोठी आवारं आणि घरं एकमेकांपासून सुटी. खालच्या गावात मुख्य रस्ता होता, त्यावर दुकानं आणि गुत्ते, आणि घरातून चालत तिथे जाता यायचं. वर तसा रस्ता जमलाच नाही. शाळा आली, प्रार्थनास्थळं आली, पण किरकोळ सामानासाठीही गाडी काढायची सवय लागली.

खाणीचं पुढे काय झालं? कड्याच्या पोटातल्या त्या मोकळ्या दालनांना भाडेकरू मिळाला. तिथलं तापमान वर्षभर जवळजवळ एकसारखं, म्हणून राष्ट्रीय अभिलेखागाराच्या सेंट लुइस इथल्या कर्मचारी-नोंदी केंद्राने आपली एक शाखा तिथे थाटली. हे तेच केंद्र, ज्याच्या इमारतीला जुलै १९७३ मध्ये आग लागून सैनिकांच्या सुमारे १.६ ते १.८ कोटी फायली जळाल्या होत्या.

वेगळं काय करता आलं असतं

पहिला मुद्दा पैशाचा. घरखरेदीत पुराआधीचा बाजारभाव मिळतो. खालचं जुनं, लहान, कर्ज फिटलेलं लाकडी घर आणि वरचं नव्या नियमांनी बांधलेलं घर यांच्या किमतीत मोठी दरी असते, आणि ती भरायला साठी-सत्तरीच्या माणसाने नवं कर्ज काढायचं. पहिल्याच टप्प्यात भाड्याची लहान घरं, निदान दहा-पंधरा, बांधून तयार ठेवली असती तर २००० चा आकडा इतका खाली गेला नसता असं मला वाटतं. वयस्कांसाठीची सोय मागून जोडण्याची गोष्ट नव्हती, तिथूनच सुरुवात करायला हवी होती.

दुसरा, बाजार. ‘आधी घरं, गिऱ्हाईक आलं की दुकानं येतीलच’ हा क्रम कागदावर बरोबर दिसतो. प्रत्यक्षात दुकानदार दोन वर्षं रिकामा बसत नाही, आणि गिऱ्हाइकाचे पाय एकदा शेजारच्या गावाकडे वळले की वळले. सोल्जर्स ग्रोव्हने मुळात बाजारच हलवला होता. दोन्ही गावांची तुलना पूर्णपणे बरोबरीची नाही, कारण तिथे घरं बरीचशी जागच्या जागी होती. तरीही निधीचा एक हिस्सा चार-पाच दुकानांच्या गाळ्यांसाठी बाजूला काढता आला असता.

तिसरा, आराखडा. ऊर्जा विभागाचे सल्लागार आले होते, सूर्यप्रकाशाचा उपयोग करणाऱ्या रचनेच्या चर्चा झाल्या, पण तोवर घाईत बरंच ठरून गेलं होतं. घाईला दोष देणं मला जड जातं, त्या घाईमुळेच गाव जिवंत आहे. तरी जुन्या गावातल्या अंतरांचं मोजमाप, कोण किती पावलं चालून कुठे जात होतं, एवढं एका समितीने महिन्याभरात काढलं असतं. कोऱ्या जमिनीवर नेहमीचं उपनगर उमटलं, कारण आराखडा करणाऱ्यांच्या हाताला तेच वळण होतं.

चौथा मुद्दा गावाच्या हातातला नव्हता. फुटलेले बांध पुन्हा बांधले गेले, शेतीसाठी ते हवेच होते. पण वरच्या मंडळाचा बांध गेला तर खालच्या मंडळाचं काय, हा हिशेब पट्टी एकसंध धरून कुणी आधी मांडला असता, तर ऑगस्टच्या त्या रात्री निदान पाणी कुठून येणार हे तरी गावाला आधीपासून ठाऊक असतं.

२०१९ च्या जूनमध्ये सेंट लुइसला नदी ४६ फुटांच्या आसपास गेली. १९९३ नंतरचा तो सर्वांत मोठा पूर. वरच्या गावात ती बातमी होती. खाली राहिलेल्या घरांच्या आणि नदीच्या मध्ये मात्र अजून तोच बांध आहे.